शून्याखाली असेल तर

त्या संध्याकाळी माझ्याकडे दोन आकडे होते. फोनमधलं साधं हवामानाचं ॲप दुसऱ्या दिवशीच्या पहाटेसाठी अधिक दोन दाखवत होतं. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर त्याच गावाचा, त्याच पहाटेचा आकडा उणे आठ होता. सासऱ्यांनी विचारलं तेव्हा मी दोन सांगितलं. खरा आकडा कुठला, हे मला माहीत होतं. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मेहुण्याला नाही, झोप येत नाही म्हणून वर्षभर ज्या डॉक्टरीणबाईंकडे जात होतो त्यांनाही नाही. त्या विचारायच्या, काही खास घडलंय का? मी म्हणायचो, कामाचा ताण.

सासऱ्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणायचो. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, एका धरणाच्या साइटवर गेली. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, मग पांढऱ्या लाकडी पेटीतल्या तापमापीवरचं कमाल आणि किमान वाचायचं आणि वरच्या ऑफिसला कळवायचं. घरात लग्न असो की सुतक, साडेआठला अण्णा पेटीपाशी. निवृत्तीनंतर पेटी गेली, पण सवय राहिली. सासूबाईंचं वर्षश्राद्ध झाल्यावर ते ऑक्टोबरात आमच्याकडे जर्मनीत, बॉबलिंगेनला आले, आणि दुसऱ्याच सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "जावईबापू, आज किमान किती?"

मी तेव्हा ज्या फर्ममध्ये होतो ती रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या हिवाळी सेवांना हवामानाचे अंदाज पुरवायची. त्यातलं माझं काम फार थोडं होतं, पण नेमकं होतं. डोंगरांमधल्या खोलगट जागा साध्या अंदाजात दिसत नाहीत. सगळ्या परिसराचा एकच आकडा येतो, आणि तो बहुतेक वेळा खोलगट भागासाठी खोटा असतो. आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असला की थंड हवा उतारावरून पाण्यासारखी खाली येते, तळाशी साठते आणि सकाळपर्यंत हलत नाही. अशा जागांचा आकडा दुरुस्त करणारं गणित आमच्या टीममध्ये मी लिहिलं होतं. हे मुद्दाम सांगतोय. मला समजलं नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

शरदातल्या शाळेच्या सुट्टीत आम्ही ब्लॅक फॉरेस्टच्या पलीकडे एका शेतघरातली फेरीएनवोनुंग घेतली होती, सुट्टीपुरता भाड्याचा फ्लॅट. मुलीला घोडे हवे होते. ते खोरं सातशे मीटर उंचीवर आहे आणि दोन्हीकडून डोंगरांनी बशीसारखं वर उचललेलं आहे. त्या मुलखाला बार म्हणतात. गाडीत मी हे सांगितलं तर अण्णा मागच्या सीटवरून म्हणाले, "बघ गं, जन्मभर थेंबाला शिवलो नाही आणि जावयाने म्हातारपणी बारमध्ये आणून सोडलं." बायको आरशात बघून हसली. मीही हसलो होतो. अण्णा विनोद करायचे, पण माझ्यावर असले तर नेहमी तिच्या मार्फत.

हे जरा सांगावं लागेल. अण्णा माझ्याशी लग्नानंतर सतरा वर्षं पाहुण्यासारखेच वागले. मी बसेपर्यंत बसायचे नाहीत. पाणी हवं असलं तर मी शेजारी असूनही मुलीला हाक मारायचे. जावयाला काम सांगायचं नाही, जावयाला एक गोष्ट दोनदा विचारायची नाही, जावयाचं म्हणणं खोडायचं नाही. मी खूपदा म्हणालो, अण्णा, हे सोडा आता. ते "छे छे, असू दे" म्हणायचे. सतरा वर्षांत त्यांनी माझ्याकडे स्वतःहून मागितलेली एकच गोष्ट म्हणजे रोजचा आकडा.

शेतघरापासून ओढ्यापर्यंत पायवाट होती आणि ओढ्यावर लाकडी साकव. पहिल्याच सकाळी अण्णा कॅनव्हासचे बूट आणि माकडटोपी घालून फिरून आले. नाक लाल, चेहरा खुललेला. "फळ्यांवर मीठ पेरल्यासारखं दिसतंय," म्हणाले, "पाय सटकला जरा. कठडा धरला." बायकोच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. तिने तिथल्या तिथे नियम केला. शून्याखाली असेल तर ऊन येईपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आकडा आदल्या संध्याकाळी विचारून ठेवायचा.

"कुणाला विचारायचा?" अण्णा म्हणाले.

"याला. दुसरा उद्योग काय आहे याला? पगारच त्याचा घेतो."

"मान्य," अण्णा म्हणाले. "जावईबापूंचा आकडा तो आमचा आकडा."

त्या संध्याकाळी मी त्यांना लॅपटॉपवर खोऱ्याचा नकाशा दाखवला. हवामानाचा खांब वर चर्चजवळ उतारावर आहे, आपण इथे खाली आहोत, म्हणून ॲप एक सांगतं आणि इथे घडतं दुसरंच. थंड हवा कशी उतरते, कशी साठते. अण्णा वाकून बघत होते. "म्हणजे थंडीचं धरणच की हो," ते म्हणाले. "आणि आपण बुडीत क्षेत्रात." मला ते इतकं आवडलं की मी पुढच्या आठवड्यात ऑफिसात जर्मनमध्ये सांगायचं ठरवलं होतं.

पुढचे चार दिवस मी खरे आकडे दिले. उणे तीन, उणे पाच, उणे पाच, उणे चार. चारही सकाळी अण्णा घरात राहिले.

आता जे लिहायचं आहे ते फार क्षुल्लक आहे, आणि म्हणूनच लिहिणं जड जातंय. फ्लॅटमध्ये दोन झोपायच्या खोल्या आणि एक स्वयंपाकघर, त्यातच टेबल. त्या टेबलावर माझं होमऑफिस, कारण सगळी सुट्टी मला मिळाली नव्हती. अण्णा पाचला उठायचे. स्वतःसोबत आणलेल्या छोट्या पातेल्यात चहा करायचे, पुटपुटत स्तोत्र म्हणायचे, आणि मी कामाला बसलो की समोरच्या खुर्चीवर येऊन बसायचे. हात गुडघ्यांवर. मला त्रास होऊ नये म्हणून काहीही न करता. मी मान वर केली की हसायचे. मीटिंग चालू असताना दबक्या आवाजात विचारायचे, "चहा ठेवू का थोडा?" एकदा ते माझ्या पाठीमागून खिडकीकडे गेले आणि कॅमेऱ्यात दिसले. माकडटोपी, शाल, हातात पातेलं. एक सहकारी म्हणाली, "आख, तुझे वडील?" मी माइक बंद केला आणि कॅमेरा वळवला. मला लाज वाटली. म्हाताऱ्या माणसाची, ज्याने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. मला एक सकाळ एकट्याला हवी होती. एवढंच. यापेक्षा मोठं कारण शोधून मी थकलो, ते नाही.

शुक्रवारी सकाळी साडेसातला तीन जिल्ह्यांच्या रस्तेखात्यांना माझं काम दाखवायचं होतं. महिनाभर त्याचीच तयारी चालली होती. गुरुवारी संध्याकाळी बायको आणि मुलगी तळघरात कपडे वाळत घालायला गेल्या होत्या. अण्णा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते.

"जावईबापू, विचारू का जरा?"

"विचारा ना."

"उद्या किती?"

लॅपटॉप माझ्यासमोर उघडाच होता. आकडा समोर होता. मी हात लांब करून फोन उचलला.

"दोन," मी म्हणालो.

"अधिक?"

"अधिक."

अण्णा खिडकीपाशी गेले. बाहेर अंधारून आलं होतं आणि पश्चिमेला हिरवट उजेडाची पट्टी राहिली होती. ते बराच वेळ बघत राहिले.

"आभाळ अगदी मोकळं आहे हो," ते म्हणाले. "वारा नाही. आमच्याकडे असं असलं की पारा उतरायचा."

"इथलं वेगळं असतं, अण्णा."

"तेही खरंच. तुमचं शास्त्र." मग ते वळले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी स्क्रीनकडे बघायला लागलो. "म्हणजे उद्या जाता येईल."

"हो. जाता येईल."

इतकंच बोलणं. दोन मिनिटंही नसतील. बायको वर आली तेव्हा अण्णा नातीसाठी सफरचंद कापत होते. जेवताना आकड्याचा विषय निघाला नाही. मी तो काढला नाही. मुलगी काहीतरी घोड्याचं सांगत होती, आणि अण्णा तिला मराठीत विचारत होते, ती जर्मनमध्ये उत्तरं देत होती आणि दोघांचं छान चाललं होतं. झोपेपर्यंत चार तास होते. चार तासांत कधीही म्हणता आलं असतं, अण्णा, अंदाज बदलला बरं का. अंदाज बदलतात. कुणाला संशयही आला नसता.

सकाळी पावणेसातला दार लागल्याचा आवाज आला. मी उठून स्वयंपाकघरात आलो. खुर्ची रिकामी होती. मी कॉफी केली, कागद लावले. फार छान वाटत होतं, हेही लिहितो. खिडकीबाहेर धुकं खाली बसलेलं होतं, कुंपण पांढरं झालं होतं. ते मी पाहिलं.

साडेसातला मीटिंग सुरू झाली. मी नकाशा लावला आणि उदाहरण म्हणून हेच खोरं घेतलं. तशी तयारीच होती. तळातला भाग गडद निळा. "इथे साधा अंदाज अधिक दोन सांगतो," मी म्हणालो, "आणि प्रत्यक्षात या क्षणी उणे आठच्या खाली आहे." तिकडून एक जण म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर, आमच्या गाड्या इथेच घसरतात." सगळे खूश होते. मधेच खिडकीच्या काचेवर निळा प्रकाश फिरायला लागला. आवाज नव्हता, नुसता प्रकाश, धुक्यात पसरलेला. तो स्क्रीनवर पडत होता म्हणून मी उठून पडदा ओढला.

सव्वाआठला बायको बाहेर आली. मीटिंग नुकतीच संपली होती.

"अण्णा कुठायत?"

"फिरायला गेले असतील."

"फिरायला? किती आहे बाहेर?"

मी टेबलावरचे कागद गोळा करायला लागलो. तिने पडदा सारला, कुंपण पाहिलं आणि माझ्याकडे न बघता चपलांवरच धावत सुटली. ती अंगणात पोचली तेव्हा शेतघराची मालकीण समोरून येत होती. कुत्रा घेऊन फिरायला निघालेल्या शेजारणीला अण्णा साकवावर सापडले होते. खुबा मोडला होता. पाऊण तास तरी ते त्या फळ्यांवर पडून होते, असं डॉक्टर नंतर म्हणाले. हाका मारल्या होत्या का, असं बायकोने अण्णांना विचारलं होतं. मारल्या होत्या. शेजारणीला ऐकू आल्या, म्हणूनच ती तिकडे वळली. शेतघर साकवापासून तीनशे पावलांवर. माझ्या कानांत हेडफोन होते.

हॉस्पिटलात दुपारी त्यांना शुद्ध चांगली होती. ऑपरेशन संध्याकाळी होतं. अंगावर गरम हवेचं पांघरूण, ओठ अजून काळसर. बायको रडून झाली होती आणि आता तिला राग आला होता. ती तशीच आहे, तिच्या काळजीचा शेवट रागात होतो.

"अण्णा, ठरलं होतं ना आपलं? शून्याखाली असेल तर जायचं नाही. याला विचारलं का नाही तुम्ही?"

मी पलंगाच्या पायथ्याशी त्यांचे कपडे भरलेली प्लास्टिकची पिशवी धरून उभा होतो. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते छताकडे बघत होते.

"राहून गेलं गं विचारायचं," ते म्हणाले.

"राहून कसं गेलं? रोज तर विचारता."

"जावईबापू कामात होते."

"कामात होते म्हणून काय? एक आकडा सांगायला किती वेळ लागतो?"

"चुकलंच माझं," अण्णा म्हणाले.

तिथे माझी पाळी होती. मी तोंड उघडलंही. मग नर्स आली आणि सलाइन बदलायला लागली, आणि मी बाजूला सरकून तिला जागा करून दिली.

पुढचे सात आठवडे ते तिथे आणि मग पुनर्वसन केंद्रात होते. मी संध्याकाळी गाडी घेऊन जायचो. बायकोला वाटायचं, किती करतो हा अण्णांसाठी. तिने तसं तिच्या भावाला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं. अण्णा तेव्हाही मला रोज विचारायचे, "बाहेर किती आहे हो आज?" मी खरे आकडे सांगायचो, दशांशासकट. एकदा धीर करून म्हणालो, "अण्णा, त्या दिवशीचा आकडा..." त्यांनी हात वर केला. "अहो, अंदाज आहे तो. चुकायचाच. आमची तर समोरची तापमापी चुकायची कधीकधी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आणि तिच्यापाशी काढू नका, ती उगाच तुम्हाला बोलेल."

त्यांना वाटत होतं अंदाज चुकला. निदान बोलले तरी तसं. खरंच वाटत होतं की मला वाट करून देत होते, हे मला सांगता येत नाही. ज्या माणसाने तीस वर्षं आभाळ बघून पारा ओळखला, त्याने त्या संध्याकाळी खिडकीतून आभाळ पाहिलं होतं. मी "हो" म्हणालो. त्यांनी जावयाची अब्रू त्याच्या बायकोपुढे झाकली, आणि मी ती झाकू दिली.

डिसेंबरअखेर मेहुणा येऊन त्यांना व्हीलचेअरवर पुण्याला घेऊन गेला. ते पुन्हा चालले नाहीत. व्यायाम करायला कंटाळायचे, मग पाठीला जखमा झाल्या. बायको दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची आणि दर रविवारी चिडायची. "तुमच्या हट्टापायी दादा-वहिनींच्या घराची काय दशा झाली बघा. एक दिवस ऐकलं असतं तर?" अण्णा हसायचे. "हट्टीच आहे मी," म्हणायचे. मी शेजारच्या खोलीत असायचो. दार लोटलेलं असायचं, बंद नसायचं.

जुलैतल्या एका रविवारी ती इतकी वैतागली की फोन मुलीच्या हातात देऊन उठून गेली. मुलगी म्हणाली, "आजोबा, आलेस गूट?" अण्णांनी सगळं ठीक आहे म्हणून हात हलवला. बुधवारी ते गेले.

मी त्यानंतर ऑफिसात वेगळ्या कामावर बदली मागून घेतली. बॉसला म्हणालो, नवीन काहीतरी शिकायचंय. आता मी साठवलेल्या जुन्या नोंदींचं काम बघतो. उद्याचा आकडा माझ्याकडे कुणी मागत नाही.

याला चार वर्षं झाली. बायकोच्या फोनमध्ये अजून ते गाव जपून ठेवलेलं आहे. ऑक्टोबर उलटला की ती सकाळी चहा पिताना ते बघते. "तिकडे आज शून्य," म्हणते. कधी म्हणते, "उणे एक." तो ॲपचा आकडा असतो, वरच्या खांबाचा. खाली ओढ्यापाशी किती असेल ते मला कळतं, आणि मी ब्रेडला लोणी लावत राहतो. तिचं पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. "एकदा विचारलं असतं त्यांनी तुला." परवा तिने त्याला आणखी एक वाक्य जोडलं. "आणि मी काय बोलले रे त्यांना शेवटी. नुसती चिडचिड केली." मग ती बेसिनपाशी जाऊन बराच वेळ एकच कप धूत राहिली. तिने ज्या हट्टावर राग काढला तो हट्ट अण्णांनी केलाच नव्हता. हे जगात मला एकट्यालाच माहीत आहे.

सांगितल्यावर काय होईल याचे अंदाज मी पुष्कळ बांधले. ती जाईल. जाणार नाही आणि बोलणार नाही. मुलगी आता पंधरा वर्षांची आहे, तिला कळेल. यातला एकही अंदाज असा नाही की ज्यात तिला बरं वाटेल. वडील परत येणार नाहीत, शेवटचा रविवार परत येणार नाही. तिला फक्त आणखी एक माणूस गमवावा लागेल, आणि तो मी, रोज समोर बसणारा. न सांगण्यासाठी हे कारण मी चार वर्षं वापरलं आहे. ते माझ्या सोयीचं आहे, हेही मला ठाऊक आहे.

मी हे आधी कागदावर लिहिलं, कारण तोंडाने पहिलं वाक्य निघत नाही. दुसऱ्या कुणी वाचण्याआधी हे तिने वाचायला हवं, किंवा माझ्या तोंडून ऐकायला हवं. ती या क्षणी शेजारच्या खोलीत आहे, मुलीच्या शाळेचे फॉर्म भरते आहे.

अण्णांनी मला विचारलं होतं, हे तिला सांगणं बाकी आहे. ते मी अजून केलेलं नाही.